रणगाड्याचे चॉकलेट आणि राळेगणचा खांब

१/
नगरच्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील जपानी रणगाडा उभा आहे, आणि त्याच आवारात त्याच युद्धातील एक जर्मन चिलखती गाडीही आहे. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने हे संग्रहालय १९९४ मध्ये उभारले. शाळांच्या सहली येतात, मुले तोफांच्या नळ्यांखाली उभी राहून फोटो काढतात. या दोन यंत्रांच्या मागे उभ्या असलेल्या दोन सैन्यांत पोलादाखेरीज आणखी एक गोष्ट समान होती: एक लहानशी गोळी. जर्मन सैनिक तिला ‘रणगाड्याचे चॉकलेट’ म्हणत.

२/
त्या गोळीतील द्रव्याचे नाव मेथॅम्फेटामिन. आज ते खड्यांच्या रूपात विकले जाते. बाजारातली नावे ‘आईस’, ‘क्रिस्टल’, ‘मेथ’. नगर जिल्ह्यातील एखाद्या घरात हे नाव प्रथम ऐकू येते तेव्हा आईवडिलांना दोन प्रश्न पडतात. हे नेमके काय आहे, आणि यावर उपचार कुठे मिळेल? दोन्ही प्रश्नांना सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे. त्यातील बराचसा दूरदेशीचा आहे, पण काही पाने पारनेर, येरवडा आणि सोलापूर येथे लिहिली गेली.

३/
आरंभ एका झुडपापासून. एफेड्रा नावाच्या या पर्णहीन, काटक्याकाटक्यांच्या वनस्पतीला चिनी वैद्य ‘मा ह्वांग’ म्हणत आणि दम्यावर व खोकल्यावर देत. (पारशी धर्मविधींत ‘होम’ म्हणून ज्या काटक्या वापरतात त्याही याच कुळातील.) १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनतज्ज्ञाने तिच्यातील गुणकारी द्रव्य वेगळे काढले. ते एफेड्रिन. १८९३ मध्ये त्यानेच एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन तयार केले, आणि १९१९ मध्ये आकिरा ओगाता याने त्याचे स्फटिक बनवण्याची सोपी रीत शोधली. नागाई हा औषध शोधणारा माणूस होता. त्याच्या प्रयोगशाळेतून काय बाहेर पडले याची कल्पना पुढची चाळीसपंचेचाळीस वर्षे कोणालाच आली नाही.

४/
१९३८ मध्ये बर्लिनच्या टेमलर कंपनीने ‘परव्हिटिन’ या नावाने त्याच्या गोळ्या बाजारात आणल्या. थकवा, उदासी, मरगळ अशा सगळ्यांवर एकच उपाय. लष्करी वैद्यकीय अकादमीतील शरीरशास्त्रज्ञ ओटो रांके याने विद्यार्थ्यांवर प्रयोग केले आणि रात्र रात्र जागता येते असे पाहून ही गोळी सैन्यासाठी उचलून धरली. १९४० च्या वसंत ऋतूत फ्रान्सवरील चढाईच्या सुमारास जर्मन भूदल व हवाई दलाकडे साडेतीन कोटी गोळ्या रवाना झाल्या. त्या वेळी सैन्यात असलेला एक तरुण घरी पाठवलेल्या पत्रांत पुन्हा पुन्हा परव्हिटिन मागत असे. त्याचे नाव हाइनरिख ब्योल. १९७२ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. पत्रातली ती मागणी वाचताना पुढचा नोबेलविजेता दिसत नाही, झोप न मिळालेला एक पोरगा दिसतो.

५/
गोळीने सैनिकांना शक्ती दिली, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. शरीरात जी शक्ती शिल्लक होती ती तिने एकदम खर्चायला लावली. भूक, झोप आणि भीती या तिन्ही सूचना बंद केल्या. त्याची वसुली पुढच्या दिवसांत होई. माणसे कोसळत, चिडत, भलतेच काही पाहत. स्वतः रांकेलाही ही गोळी सोडवली नाही. १९४१ च्या मध्यावर जर्मन सरकारने परव्हिटिनला अफूविषयक कायद्याच्या कक्षेत आणले, तरी आघाडीवरचा पुरवठा थांबला नाही. बंदी कागदावर आणि गोळी खिशात, हे दृश्य पुढे जगभर दिसणार होते.

६/
जपानमध्ये हेच द्रव्य १९४१ पासून ‘हिरोपॉन’ नावाने मिळू लागले. नावाचे मूळ ग्रीक; अर्थ ‘कामाची आवड’. वैमानिकांना, रात्रपाळीच्या कामगारांना ते दिले गेले. १९४५ मध्ये जपान शरण गेला, तेव्हा गोदामांत साठे पडून होते. ते बाजारात आले. घरे जळालेली, काम नाही, अन्न अपुरे. भूक मारणारी आणि मन उचलणारी गोळी अशा काळात स्वस्तात मिळाली, तर काय होणार? आधुनिक जगातील मेथॅम्फेटामिनची पहिली मोठी साथ तिथेच पसरली.

७/
१९५१ मध्ये जपानने उत्तेजक द्रव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तरीही १९५४ या एका वर्षात त्याखाली ५५ हजारांवर लोकांना अटक झाली. त्यानंतर शिक्षा वाढवल्या गेल्या, कारखान्यांवर छापे पडले, व्यसनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात ठेवण्याची तरतूद झाली, आणि १९५८ पर्यंत अटकांचा आकडा काही शेकड्यांवर आला. कडक कायद्याचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात. त्याच काळात जपानमध्ये रोजगार वाढत होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. शिवाय १९७० च्या दशकात साथ पुन्हा आलीच.

८/
जपानच्या त्या दशकाने जगाला एक मोलाची वैद्यकीय नोंद दिली. या द्रव्याने होणारा मानसिक विकार तेथील मनोविकारतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे पाहिला: कोणीतरी पाठलाग करत आहे, घरचेच लोक कट करत आहेत, भिंतीपलीकडे कुजबुज चालली आहे. बहुतेकांत हा भास द्रव्य सुटल्यावर दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरे. काहींत तो महिनोन् महिने टिके. आणि काहींत, पूर्ण बरे झाल्यावर, पुष्कळ काळाने थोडेसेच द्रव्य घेतले किंवा मोठा मानसिक ताण आला, तरी तो तसाच्या तसा परत येई. मेंदूने ती वाट लक्षात ठेवलेली असते. हे कळल्याखेरीज ‘एवढ्याशाने काय होतंय’ या वाक्यातला धोका कळत नाही.

९/
शरीरात घडते ते असे. आनंद, उत्साह आणि पुढे जाण्याची ओढ यांच्याशी निगडित असलेले डोपामिन हे रसायन मेंदूतील पेशी थोडे थोडे सोडतात आणि परत शोषून घेतात. मेथॅम्फेटामिन पेशींतला साठाच बाहेर ओतायला लावते आणि परतीची वाटही अडवते. कोकेनचा अंमल तासाभरात उतरू लागतो. मेथॅम्फेटामिनचे अर्धे प्रमाण शरीरातून जायलाच दहाबारा तास लागतात. म्हणून दोनदोन, तीनतीन रात्री जागरण. रक्तदाब आणि ठोके वाढतात, अंगाचे तापमान चढते. तरुण वयातही पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. तोंड कोरडे पडते, दात कराकरा खाल्ले जातात आणि किडतात. कातडीखाली किडे वळवळतात असे वाटून माणूस स्वतःला ओरबाडतो. वजन उतरते.

१०/
आणि मग उतार. माणूस दिवसदिवस झोपतो, जागा झाला की खातो, पुन्हा झोपतो. घरच्यांना वाटते, सुटले एकदाचे. खरा कठीण काळ त्यानंतर सुरू होतो. पहिल्या काही आठवड्यांत मनावर असा काळोख उतरतो की कशातच रस उरत नाही. डोपामिनची गंगाजळी रिकामी झालेली असते. आत्महत्येचा विचार याच काळात बळावतो. दारू एकाएकी सोडणाऱ्याला फिट येऊ शकते, म्हणून त्याची काळजी शरीराकडे पाहून घेतात. मेथ सोडणाऱ्याची काळजी मनाकडे पाहून घ्यावी लागते. तो शांत पडून आहे याचा अर्थ तो सुखरूप आहे असा होत नाही.

११/
आता महाराष्ट्र. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यातून १८ टनांहून अधिक एफेड्रिन जप्त केले. किंमत सुमारे २ हजार कोटी रुपये सांगितली गेली. हा माल आफ्रिकेत पाठवून त्याचे मेथॅम्फेटामिन करण्याचा बेत होता, असा पोलिसांचा आरोप. प्रकरणातील चित्रपटसृष्टीच्या नावामुळेच ते गाजले; त्या माजी अभिनेत्रीविरुद्धचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला. नागाईने १८८५ मध्ये काचपात्रात पाहिलेले ते द्रव्य मात्र नगरच्या शेजारच्या जिल्ह्यात पोत्यांनी सापडले होते, ही गोष्ट त्या गाजावाजात मागे पडली.

१२/
फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे कारखान्यावर छापा घातला. त्यातून उलगडलेल्या साखळीत दिल्लीपर्यंतच्या साठ्यांसह दीड हजार किलोंहून अधिक अमली पदार्थ मिळाला. दौंडजवळ भीमा ओलांडली की नगर जिल्ह्याचा श्रीगोंदा तालुका लागतो. हा पदार्थ मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’. मेफेड्रोन आणि मेथॅम्फेटामिन ही एकाच स्वभावाची दोन वेगळी द्रव्ये आहेत. मेफेड्रोनचा अंमल लवकर उतरतो, म्हणून ते एकाच रात्री पुन्हा पुन्हा घेतले जाते. भारतात ते २०१५ मध्ये कायद्याच्या यादीत आले. महाराष्ट्रात आज अधिक आढळते ते हेच. उपचारांची दिशा दोन्हींत जवळपास एक असली, तरी डॉक्टरांना नेमके नाव किंवा उरलेल्या मालाचे वर्णन सांगता आले तर मोठी मदत होते.

१३/
नशेपुढे उपाय शोधण्याची नगरला सवय जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील काही तरुण एलएसडीत देव सापडतो का, हे विचारायला नगरजवळच्या मेहेराझादला मेहेरबाबांकडे पत्रे पाठवत, काही तर थेट येऊन पोहोचत. १९२५ पासून मौन पाळणाऱ्या बाबांनी हातवाऱ्यांनी दिलेले उत्तर १९६६ मध्ये एका इंग्रजी पुस्तिकेतून अमेरिकेत वाटले गेले: अशी द्रव्ये शरीराला, मनाला आणि आत्म्याला घातक आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखालचा औषधी वापर तेवढा वेगळा. अमेरिकेतील विद्यापीठांच्या आवारांत नगरच्या माळरानावरून आलेला हा सल्ला वाचला जात होता, हे आज नगरमध्येही थोड्यांनाच ठाऊक असते.

१४/
दुसरा प्रयोग अधिक प्रसिद्ध. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करी नोकरी संपवून पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीला परतले. दुष्काळी गाव, आणि त्यात तीसहून अधिक हातभट्ट्या. देवळात सभा झाली, भट्ट्या बंद करायचे ठरले, तरुण मंडळाने उरलेल्या फोडल्या. तरीही जो पिऊन येई, त्याला तीनदा समज देत. चौथ्यांदा खांबाला बांधून फटके. आई मुलाला कडू औषध पाजते ते मायेपोटीच, असा या फटक्यांमागचा युक्तिवाद अण्णांनी पुढे मांडला. त्याचबरोबर गावात बांधबंदिस्ती झाली, पाणी अडले, शेती उभी राहिली, लोकांना काम मिळाले.

१५/
राळेगणची कथा सांगणारे बहुधा खांबापाशी थांबतात. कोणी त्याच्या बाजूने, कोणी विरुद्ध. पण गाव बदलले ते कशाने? भट्टी गेली, म्हणजे दारू हाताशी उरली नाही. पाणी आले, म्हणजे दिवसभर करायला काही उरले. आणि सगळे गाव एकाच ठरावाला बांधलेले होते. या तीन गोष्टी काढून नुसता खांब ठेवला, तर काय उरते? दुर्दैवाने पुढे अनेक ठिकाणी नुसता खांबच उचलला गेला. व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडणे, बांधणे, मारणे. बाप स्वतः पैसे भरून पोराला तिथे सोडतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो.

१६/
मेथ किंवा एमडीच्या रुग्णाच्या बाबतीत हा मार्ग विशेष घातक ठरतो, आणि त्याचे कारण जपानच्या नोंदींत आहे. ज्याला आधीच वाटते की सगळे आपल्याविरुद्ध कट करत आहेत, त्याला चार जणांनी उचलून गाडीत घातले, बांधले, मारले की त्याच्या भासाला पुरावाच मिळतो. शिवाय अंगाचे तापमान आणि रक्तदाब चढलेला असताना झटापट झाली, तर जीवही जाऊ शकतो. अशा वेळी लागते ती शांत, कमी उजेडाची खोली, हळू आवाजात बोलणारे एखादेच माणूस, आणि डॉक्टरांनी दिलेले थोड्या काळाचे शामक औषध.

१७/
साखळ्यांचा प्रश्न देशापुढे आला तो एका आगीमुळे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली. मानसिक आजाराचे २८ रुग्ण जळून गेले. ते बांधलेले होते, पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास आणि एकांतात डांबण्यास मनाई केली. दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येतच येतात. म्हणजे नगर जिल्ह्यातील कोणत्याही केंद्रात भरती असलेल्या व्यसनी तरुणालाही हे संरक्षण आहे, त्याला स्वतःला ते ठाऊक असो वा नसो.

१८/
खांबाला दुसरा पर्याय नगरपासून सुमारे १२० किलोमीटरवर उभा राहिला. नगर रस्त्याने येणारी एसटी पुण्यात शिरते ती येरवड्यावरून, आणि येरवड्यालाच मनोरुग्णालय आहे. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात ब्राऊन शुगर, म्हणजेच ‘गर्द’, पसरू लागले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिले. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले. मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट अशा रुग्णांवर उपचार करत होत्याच. देशपांडे दांपत्याच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले.

१९/
मुक्तांगणचे वेगळेपण त्याच्या वागणुकीत होते. मारहाण नाही. रुग्णाला गुन्हेगार मानायचे नाही. सुमारे पाच आठवड्यांचा निवासी उपचार, गटचर्चा, योग, कला, कुटुंबीयांच्या वेगळ्या भेटी, आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा. बरे झालेले रुग्ण तिथेच समुपदेशक झाले. नव्याने आलेल्या थरथरणाऱ्या पोरासमोर बसलेला माणूस पूर्वी त्याच खाटेवर झोपलेला असे. अनिताताई १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. काम मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे नेले.

२०/
तरी एक अडचण उरतेच. आपली व्यसनमुक्तीची बहुतेक घडी दारू आणि गर्द यांच्यासाठी बसवलेली आहे. ते स्वाभाविकही आहे: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे १४.६ टक्के, अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ टक्के, तर मेथसारखी उत्तेजके घेणारे ०.१८ टक्के होते. गर्दच्या रुग्णाला पर्यायी औषध देऊन स्थिर करता येते. मेथसाठी असे औषध नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ४०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन औषधांच्या जोडीने १३.६ टक्क्यांना गुण आला. नुसत्या दिखाऊ औषधाने २.५ टक्क्यांना. उपयोग आहे, पण थोडा. ‘इंजेक्शनने हमखास सुटका’ अशी जाहिरात कुठे दिसली, तर हे आकडे आठवावेत.

२१/
मग उपयोगी काय पडते? १९८० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात उत्तेजकांच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण पद्धत घडली: आठवड्यातून अनेकदा भेट, दिवसाचे तासातासाचे वेळापत्रक, कुटुंबाचे शिक्षण, लघवीची तपासणी, आणि असे महिनोन् महिने. १९९० च्या सुमारास व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांवर आणखी साधी युक्ती करून पाहिली. तपासणी स्वच्छ आली की लगेच एखादे कूपन, ज्यावर उपयोगाची वस्तू मिळते. ऐकणारा हसतो. चांगले वागण्याचे बक्षीस? पण उत्तेजकांच्या व्यसनावर आजवर सर्वांत ठोस पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे. रिकाम्या डोपामिनच्या मेंदूला ‘पाच वर्षांनी आयुष्य सुधारेल’ हे पोहोचत नाही. आज हातात पडलेली लहानशी गोष्ट पोहोचते. फटक्यांची पद्धत याच्या अगदी उलट्या टोकाला बसते.

२२/
किती काळ लागतो, याचेही उत्तर आहे. २००१ मध्ये नोरा व्होल्को यांच्या गटाने मेथ सोडलेल्या मोजक्या रुग्णांच्या मेंदूंची छायाचित्रे घेतली. सोडल्यानंतर लवकर घेतलेल्या चित्रांत डोपामिनची ने-आण करणारी रचना क्षीण होती. १२ ते १७ महिन्यांनी ती बरीचशी भरून आली होती. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तितकी सुधारणा नव्हती. म्हणजे महिन्याभराने घरी आलेला मुलगा ‘पहिल्यासारखा नाही’ असे आईला वाटते, ते तिचे निरीक्षण बरोबर असते. त्यावरून उपचार फसले असे ठरत नाही. मेंदूची डागडुजी अजून चालू असते.

२३/
तर कर्जत, पाथर्डी किंवा संगमनेरच्या कुटुंबाने जावे कुठे? पहिला दरवाजा नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा. मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून टप्प्याटप्प्याने देशभर पसरला. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञाची शासकीय सेवा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. उत्तरेकडच्या तालुक्यांना लोणीचे प्रवरा रुग्णालय जवळ, नगरलगत विळद घाटात आणखी एक वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हींत मनोविकार विभाग आहेत. त्यानंतर गरजेप्रमाणे पुणे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६, आणि २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस १४४१६. छातीत दुखणे, फणफणता ताप, फिट, शुद्ध हरपणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल तर वाट न पाहता १०८.

२४/
खासगी केंद्र निवडताना काही प्रश्न दारातच विचारावेत. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवता येईल का? मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? घरच्यांना भेटू देतात का, फोनवर बोलू देतात का? सोडल्यानंतर पाठपुरावा कोण करते? भेटीला बंदी आणि ‘सहा महिने तोंड बघू नका’ अशी अट ऐकू आली, तर तिथून परत फिरावे, मग फी कितीही कमी असो.

२५/
पोलिसांची भीती हा सर्वांत मोठा अडसर. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा गुन्हा आहेच. पण त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून शासकीय किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर त्याच्यावर त्याबद्दल खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे अभय काढून घेता येते. मेथ आणि मेफेड्रोन दोन्हींसाठी अल्प प्रमाणाची मर्यादा २ ग्रॅम. विक्रेत्याला हे कलम लागू नाही. या कलमाची माहिती फार थोड्या घरांपर्यंत पोहोचली आहे, आणि त्या अज्ञानापायी उपचाराला येणारा मुलगा महिनोन् महिने उशिरा येतो.

२६/
भरतीचे पाच आठवडे संपले की पुढचा हिशेब एसटीचा. व्होल्को यांच्या चित्रांतली १२ ते १७ महिन्यांची मुदत धरली आणि पंधरवड्याला एक तपासणी म्हटली, तर जामखेडहून नगरच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत तीसेक फेऱ्या होतात. सोबत कोण जाणार, त्या दिवसाची मजुरी कोण सोडणार, आणि स्टँडवर जुना मित्र भेटला तर काय करायचे, हे घरातच आधी ठरवून ठेवावे लागते.